सारख्या नादाची नावे : ठेवताना शास्त्र, घेताना भाव





कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी बुक्का लावून घ्यायला पुढे आली, की हल्ली एक प्रश्न हमखास कानी पडतो. "बुवा, नातवाचं नाव दिनेश ठेवलंय. ऱ्हस्व दि लिहायची का दीर्घ?" दुसरा विचारतो, "हरि आणि हर ही एकाच देवाची नावं का दोन देवांची?" तिसरी माउली म्हणते, "आमचा समीर आणि शेजारच्या मोमिनांचा समीर, नाव एकच ना हो?" प्रश्न दिसायला लहान. पण नाव ही काही लहान वस्तू नव्हे. अंगावरचा सदरा फाटतो, घर बदलते, देहही पडतो. नाव मात्र मागे राहते. म्हणून या महिन्याच्या पाठाला हाच विषय घेतला आहे.

आधी सिद्धांत सांगतो, मग दृष्टांत. सिद्धांत असा की, कान हा नावाचा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. दोन नावे कानाला सारखी लागली म्हणून त्यांचा अर्थ एक होत नाही. आणि दोन नावे कानाला निराळी लागली म्हणून ती वेगळी ठरत नाहीत. भिवंडीचा माणूस मागाच्या खडखडाटात वाढलेला. त्याला हे लवकर पटेल. दोन सुते डोळ्यांना सारखी दिसतात, पण नंबर निराळा असतो. जाणता कारागीर बोटांत धरून सांगतो. नावाचेही तसेच. त्याचा धातू कोणता, समास कोणता, ते कोणत्या भाषेच्या घरातून आले, हे पाहिल्याशिवाय अर्थ सांगू नये.

एका मात्रेचा फरक

‘दिन’ म्हणजे दिवस. दिन अधिक ईश, दिनेश. दिवसाचा स्वामी, म्हणजे सूर्य. ‘दीन’ म्हणजे गरीब, केविलवाणा. दीन अधिक ईश, दीनेश. दीनांचा स्वामी, म्हणजे भगवंत. एक वेलांटी फिरली की आकाशातला सूर्य जातो आणि विटेवरचा देव येतो. दोन्ही नावे चांगलीच आहेत. पण आपण कोणाला हाक मारतो, हे बापाला ठाऊक असावे. याच न्यायाने ‘दीनानाथ’ हे नाव दीर्घ दी नेच लिहायचे. कारण देव दीनांचा नाथ आहे. समासाच्या काटेकोर नियमाने ते ‘दीननाथ’ व्हायचे. लोकांच्या तोंडी मधला स्वर लांबला आणि गोड झाला. असो.

अनिल आणि अनल ही दुसरी जोडी. अनिल म्हणजे वारा, अनल म्हणजे अग्नी. एक वेलांटी काढली की झुळुकीचा वणवा होतो! सीता आणि सिता ही तिसरी. ‘सीता’ म्हणजे नांगराचे तास. जनकराजा भूमी नांगरत असता त्या तासात कन्या सापडली, म्हणून ती सीता. ऱ्हस्व सि ची ‘सिता’ म्हणजे पांढरी. शेतकऱ्याच्या लेकीचे नाव सीता ठेवावे आणि दीर्घच लिहावे, कारण त्यात तिच्या आजोबाचा नांगर आहे.

कृष्ण आणि कृष्णा पाहा. ‘कृष्ण’ म्हणजे काळासावळा, पुल्लिंगी. ‘कृष्णा’ हे स्त्रीलिंगी. द्रौपदीचे ते नाव आहे आणि महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या आपल्या नदीचेही. मग मुलाला ‘कृष्णा’ का म्हणतात? मराठीत हाक मारताना शेवटचा स्वर लांबतो: अरे रामा, अरे कृष्णा. ती हाकच पुढे नाव होऊन बसली. त्यात आता इंग्रजी अक्षरांची भर पडली. त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ताच लागत नाही. तिथे दिन आणि दीन एका ओळीत उभे राहतात.

बापाचे नाव लेकराला

संस्कृतात बापाच्या नावातला पहिला स्वर फुगवला की लेकराचे नाव तयार होते. व्याकरणात याला अपत्यार्थी तद्धित म्हणतात. द्रुपदाची ती द्रौपदी, जनकाची ती जानकी, जह्नूची ती जाह्नवी. आपण बोलताना ‘जान्हवी’ म्हणतो. जानकी आणि जान्हवी कानाला बहिणी वाटतात, पण एक रामाची सीता आणि दुसरी भागीरथी गंगा. जह्नु ऋषींनी गंगा प्राशन केली आणि कानावाटे पुन्हा सोडली, म्हणून ती त्यांची कन्या.

तसेच वसुदेव आणि वासुदेव. वसुदेव हा बाप, वासुदेव हा लेक. वसुदेवाने टोपली डोक्यावर घेतली, वासुदेव टोपलीत होता. कीर्तनात काही नवशिके गायक घाईघाईत बापालाच टोपलीत बसवतात, म्हणून मुद्दाम सांगितले!

मधु या दोन अक्षरांची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. माधव म्हणजे मधूच्या कुळात जन्मलेला. किंवा ‘मा’ म्हणजे लक्ष्मी, तिचा ‘धव’ म्हणजे पती. मधुसूदन म्हणजे मधु नावाच्या दैत्याला मारणारा. मधुकर म्हणजे मध करणारा भुंगा. तिघांत मधु आहे. पण एकाचा मधु पूर्वज, दुसऱ्याचा मधु शत्रू, तिसऱ्याचा मधु पोटाचा धंदा. तिन्ही नावांना "मध्या" म्हणून एकच हाक बसते, तरी अर्थ तीन.

नाव सारखे असले म्हणजे योग्यता सारखी होते का? याला भागवताच्या दशम स्कंधात दृष्टांत आहे. करूष देशाचा राजा पौंड्रक. त्याच्या भाटांनी त्याला फुगवले की, खरा वासुदेव तूच. त्याने शंखचक्रादी चिन्हे धारण केली आणि द्वारकेला दूत पाठवला: "माझे नाव आणि माझी चिन्हे टाकून दे." भगवंत हसले. पुढे रणात त्यांनी पौंड्रकाला मारले आणि त्याचा कैवारी काशीराज यालाही मारले. नाव तेच, वेषही तोच. पण आतला वासुदेव नव्हता. माळ घातलेल्या प्रत्येकाने ही कथा स्वतःला लावून पाहावी.

हरि आणि हर

या दोन्ही नावांचा धातू एकच, ‘हृ’ म्हणजे हरण करणे. हरि पाप हरतो, हर संसार हरतो. मूळ एक, शेवटचा स्वर तेवढा निराळा. रमा अधिक ईश, रमेश म्हणजे विष्णू. उमा अधिक ईश, उमेश म्हणजे शंकर. इथेही एका अक्षराने देव बदलला. पुष्कळांना वाटते रमेश म्हणजे राम अधिक ईश. तसे नाही, तो ‘रामेश’ झाला असता. राम आणि रमा दोन्ही ‘रम्’ धातूची, हे मात्र खरे.

आणि रामेश्वर? त्याचा विग्रह दोन तऱ्हांनी होतो. रामाचा ईश्वर तो रामेश्वर, हा एक. राम ज्याचा ईश्वर तो रामेश्वर, हा दुसरा. शैवाने पहिला घ्यावा, वैष्णवाने दुसरा. वारकऱ्याने दोन्ही घ्यावेत. कारण आपला पांडुरंग मस्तकी शिवलिंग धारण करून उभा आहे, आणि नरहरी सोनारांना तोच साक्षात्कार झाला.

दामोदर आणि सुदामा यांतही ‘दाम’ ऐकू येतो. पण दामोदरातला दाम म्हणजे दोर. यशोदेने ज्याच्या पोटाला दोर बांधला तो दामोदर. सुदाम्यातला दाम ‘देणे’ या अर्थाचा. सुदामा म्हणजे चांगला दाता. घरी खायला दाणा नाही आणि नाव दाता! पण मूठभर पोह्यांनी त्याने ते नाव खरे केले.

पंढरीची नावे

आता आपल्या पेठेत येऊ. पुंडलिक, पुंडरीक, पंढरी, पांडुरंग, पांडू ही नावे एका दमात म्हटली तर एकाच घरची वाटतात. ‘पुंडरीक’ म्हणजे पांढरे कमळ. पांडुरंगाष्टक या संस्कृत स्तोत्रात भक्तराजाचे नाव पुंडरीक असेच येते. मराठीने रकाराचा लकार करून पुंडलिक केला. ‘पांडु’ म्हणजे फिकट पांढरा. मग सावळ्या देवाला पांडुरंग का म्हणावे? जाणते अभ्यासक सांगतात की आधी गावाचे नाव. १२३७ सालच्या शिलालेखात गाव ‘पंडरगे’ म्हणून येते, ते कानडी वळणाचे. त्याचे संस्कृत रूप घडताना देव पांडुरंग झाला. आणि बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्र पांडुरंग हे रुद्राचे नाव देतो. म्हणजे फिरून हरिहर एकच!

‘विठ्ठल’ या नावाचे विग्रह कीर्तनकार अनेक करतात. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे म्हणणे असे की, विष्णू या शब्दाचेच कानडी मुखातले रूप विठ्ठु. याला बळकटी देणारे उदाहरण इतिहासात आहे: बाराव्या शतकातला होयसळ राजा विष्णुवर्धन याचेच दुसरे नाव बिट्टिदेव. विष्णू आणि बिट्टी कानाला किती दूर, पण घर एक.

राहिला ‘पांडू’. तो कुरुकुळातला पंडुराजा नव्हे. आपल्याकडचा पांडू म्हणजे पांडुरंगच. १९७५ साली ‘पांडू हवालदार’ हा चित्रपट आला आणि तेव्हापासून शहरात पोलिसाला थट्टेने पांडू म्हणू लागले. त्या थट्टेच्या भीतीने चांगल्या पांडुरंगाचे पोर शाळेत आपले नाव चोरते. पोरा, चोरू नकोस. हसणाऱ्याच्या तोंडीही नाव देवाचेच येते.

एक नाव, अनेक नाद

आता उलट बाजू. नामदेवरायांच्या घरची नावे आठवा. चार मुलगे: नारा, विठा, गोंदा, म्हादा. म्हणजेच नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. शिंप्याच्या घरात कात्री, सुई, दोरा आणि अष्टौप्रहर देवाची हाक! ज्ञानदेव, ज्ञानोबा, ज्ञानू, ग्यानबा हे चार नव्हेत, एकच. रुक्मिणी, रखुमाई, रखमा या तिघी नव्हेत, एकच. खाडीकाठच्या गावातली आजी ‘नारायण’ म्हणताना ण चा न करते आणि ‘विठ्ठल’ म्हणताना व गिळून ‘इठ्ठल’ म्हणते. शिकलेली सून हसते. हसू नये. नामदेवांच्या घरात जे चालले ते आपल्या घरात अशुद्ध कसे?

मात्र अभंग गाताना सावध राहावे. संत नामदेव १२७० ते १३५० या काळातले. विष्णुदास नामा हा पुढच्या काळातला निराळा कवी. नाव ‘नामा’ म्हणून दोघांच्या रचना एकमेकांत मिसळल्या. ज्यांना ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या ते चांगदेव वेगळे; महानुभाव पंथात पूज्य असलेले चांगदेव राऊळ वेगळे. तुकोबांच्या गाथ्यात ‘तुकयाबंधु’ अशी मुद्रा आली की ते बोल धाकटे बंधू कान्होबा यांचे समजावेत. मुद्रा पुरती ऐकावी, मगच निरूपणाला हात घालावा.

शेजारच्या घरची नावे

आमच्या भिवंडीत एका गल्लीत माग चालवणारा मोमीन, दुसरीत तेलुगू बोलणारा पद्मशाली, वेशीबाहेर आगरी-कोळी. त्यामुळे नावांची गाठभेट रोजची. संस्कृत ‘समीर’ म्हणजे वारा. अरबी ‘समीर’ म्हणजे रात्री गप्पांना सोबत करणारा मित्र. नाद तोच, भाषा दोन, अर्थ दोन. तेव्हा त्या माउलीला उत्तर असे: नाव एक वाटते, पण दोन आहेत, आणि दोन्ही गोड आहेत. ‘कमल’ संस्कृत, म्हणजे पद्म; ‘कमाल’ अरबी, म्हणजे पूर्णता. ‘कबीर’ही अरबीच, म्हणजे थोर. कबीर आणि त्याचा पुत्र कमाल यांच्या कथा आपण कीर्तनात प्रेमाने सांगतो. तेव्हा त्यांची भाषा कोणती हे कोणी विचारत नाही. पद्मशाली मंडळींचा ‘नरसय्या’ म्हणजे नरसिंहच, आदराचा ‘अय्या’ लागलेला.

हल्ली बारशाला नाव फोनवर शोधतात आणि एका चालीची नावे निघतात: विहान, ईशान, रेहान. विहान म्हणजे पहाट. हिंदीतला ‘बिहान’ तोच. ईशान म्हणजे शिव. त्याच्यावरून ईशान्य दिशा. रेहान हे अरबी ‘रैहान’. अर्थ सुगंधी रोप, आपण ज्याला सब्जा म्हणतो ते. आता सब्जा हा तुळशीच्याच कुळातला! म्हणजे शेजारच्या अंगणात रेहान खेळतो आणि आपल्या अंगणात तुळस डोलते; दोघांचा वास एका जातीचा. नाव ऐकून नाक मुरडण्याआधी अर्थ विचारावा, तो असा उपयोगी पडतो.

शंका आणि समाधान

इथे कोणी शंका घेईल: "बुवा, तुम्ही आधी एका वेलांटीचा एवढा फरक सांगितला आणि मग आजीच्या ‘इठ्ठल’ला चालेल म्हणालात. दोन्ही कसे खरे?" शंका योग्य आहे. तिचे समाधान भागवताच्या एकाच स्कंधात, सहाव्यात, मिळते.

त्वष्ट्याने इंद्राचा सूड घेण्यासाठी यज्ञ केला. ‘इंद्रशत्रु’ म्हणून आहुती टाकली. ‘इंद्राचा मारणारा’ असा अर्थ त्याला हवा होता. वैयाकरण सांगतात की त्याचा स्वर चुकला, आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याचा मारणारा’. शब्द तोच, समास फिरला. वृत्रासुर जन्मला खरा, पण इंद्राच्याच हातून मेला. म्हणून शास्त्र म्हणते, उच्चार सांभाळा.

त्याच स्कंधाच्या आरंभी अजामिळ आहे. भ्रष्ट झालेला, पण धाकट्या मुलाचे नाव नारायण. मरणकाळी यमदूत पाहून भ्यायला आणि लेकराला हाक मारली. देवाला मारली नव्हती. तरी विष्णुदूत धावले. ते स्पष्ट सांगतात की, दुसऱ्याला उद्देशून, थट्टेत, गाण्याच्या भरात किंवा हेटाळणीनेही घेतलेले नाम पाप हरते.

एका बाजूला स्वर चुकला म्हणून घात, दुसऱ्या बाजूला उद्देशच चुकला तरी उद्धार. निवाडा असा: त्वष्टा मंत्राने दुसऱ्याचा नाश मागत होता, मंत्र हे शस्त्र, ते धरायला कौशल्य हवे. अजामिळ लेकराला प्रेमाने बोलावत होता. नाम ही हाक, तिला कौशल्य लागत नाही. म्हणून नाव ठेवताना शास्त्र पाहावे, नाव घेताना भाव पाहावा. ठेवणे एकदाच होते, तेव्हा घाई नको. घेणे जन्मभर चालते, तिथे कोणाची जीभ तपासू नये.

आता व्यवहार

बारशाच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: शब्द कोणत्या भाषेचा, धातू किंवा समास कोणता, आणि ऱ्हस्व-दीर्घ कोणते. अर्थ लागत नसेल, नुसता नाद गोड असेल, तर जाणत्याला विचारून मगच पाळण्यात सांगावे. आजीआजोबांना पांडुरंग हवा आणि आईबापांना नवे नाव हवे, असा वाद घरोघर आहे. भांडू नये. पाळण्यात दोन नावे सांगायची चाल आपल्याकडे जुनीच आहे. एक दाखल्याचे, एक हाकेचे.

कागदावर मात्र एकच रूप चालवावे. सातबाऱ्यावर ‘विठू’, शाळेच्या दाखल्यावर ‘विठ्ठल’ आणि आधारकार्डावर इंग्रजीतून उतरलेला ‘विठल’, असे तीन झाले की वारसनोंदीच्या वेळी लेकरे तलाठ्याच्या दारी खेटे घालतात. देवाला तिन्ही एक आहेत. कचेरीला तीन इसम वाटतात. मुलाचा पहिला दाखला निघतो तेव्हाच अक्षर न् अक्षर तपासावे. नाव बदलायचेच झाले तर राजपत्रात प्रसिद्ध करून बदलता येते, पण त्यापेक्षा आधीची दक्षता बरी.

शेवटी चार भावंडांची नावे चिंतनाला देतो. निवृत्ती म्हणजे विषयांतून मागे फिरणे. ज्ञानदेव म्हणजे ज्ञानाचा प्रकाश. सोपान म्हणजे पायरी. मुक्ता म्हणजे मोकळी झालेली. तिचा दुसरा अर्थ मोती. आधी मागे फिरावे, मग कळावे, मग पायरी चढावी, मग मोकळे व्हावे. एका घरातल्या चार हाकांत सगळा परमार्थ आला. आपल्या घरात आज कोणते नाव हाकेला आहे, त्याचा अर्थ काय, हे प्रत्येकाने आज रात्री हरिपाठ झाल्यावर लेकरांना समजावून सांगावे; आणि मग त्याच नावाने त्यांना प्रेमाने जेवायला बोलवावे.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥